सजून उतरलेला कळप

गावाची वेस आली तरी क्विरिनने मान वर केली नाही. पुढे कळप चालला होता. गळ्यात घागरीएवढ्या घंटा, शिंगांमध्ये फर वृक्षाच्या फांद्यांचे नि कागदी फुलांचे मुकुट. रस्त्याच्या दोन्ही कडांना पाहुणे टाळ्या वाजवत होते. उन्हाळाभर वरच्या कुरणावर गावाच्या गाई राखून क्विरिन खाली उतरत होता, आणि चोरी करून आल्यासारखा चालत होता.

आमच्या खोऱ्यात रीत एकच. वर सगळी जनावरं सुखरूप राहिली तरच ती सजून उतरतात. एक जरी दगावलं, तरी कळप बोडका येतो, बिनघंटांचा येतो. मग वेशीवरची माणसं टोप्या काढतात आणि कोणाची गेली ते हळूच विचारतात.

यंदा फाल्का गेली होती. नोटबुर्गा काकूंची करडी गाय, त्यांची एकुलती एक. मागच्या आठवड्यात अवेळी बर्फ पडलं, निसरड्या गवतावरून तिचा पाय घसरला आणि ती कड्याखाली कोसळली. त्यात क्विरिनचा काही दोष नव्हता. आता उतरायचंच आहे तर समोर बसून सांगू, असं त्याने ठरवलं होतं.

काल मुकुटांची खोकी घेऊन रूपर्ट जीपने वर आला. गावातलं मोठं हॉटेल त्याचं, उत्सवाचा अध्यक्ष तो, आणि पुढच्या उन्हाळ्यात कुरणावर कोणाला धाडायचं हे ठरवणाराही तोच. क्विरिनने फाल्काचं सांगितलं आणि खोकी परत न्यायला सांगितली. रूपर्टने ती उतरवलीच.

"अरे, बसगाड्या भरून लोक येणार, ते काय बोडक्या गाई बघायला? म्हातारी गुडघ्यांपायी दाराबाहेर पडत नाही. संध्याकाळी जा, नीट बसून सांग. तिलाही तेच बरं."

क्विरिन नाही म्हणाला. मग रूपर्टने सहज विचारावं तसं विचारलं, पुढच्या वर्षीही यायचा विचार आहे ना. त्यावर क्विरिनने मुकाट्याने पहिला मुकुट उचलला.

चर्चपाशी कळप वळला आणि त्याला काकू दिसल्या. दोन काठ्या टेकून उभ्या, अंगात ठेवणीतला काळा झगा, एप्रनच्या ओच्यात कडक पावाचे तुकडे. यंदा कळप सजून येतोय, असं शेजारणीने सांगितलं होतं. ते ऐकूनच त्या उतारावरून स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. गाय जवळ आली की डोळे बारीक करून बघायच्या आणि पुढे जाऊ द्यायच्या.

शेवटची कालवडही आली. तिच्यामागे क्विरिन. त्याने टोपी काढायला हात उचलला, पण टोपीतही फुलं खोचलेली होती.

"फाल्का मागे राहिली वाटतं," काकू म्हणाल्या. "पहिल्यापासून आळशीच मेली. जेवून निघालेल्या पाद्रीबुवांसारखी चालते. येऊ दे सावकाश."

"काकू..."

"अरे, थांबते मी. फुलं घातलीस म्हणजे सगळ्या धडधाकट आल्यात, एवढं कळतं मला. माझ्या सासऱ्यांची हाडं झिजलीत त्या कुरणावर."

धरणीने पोटात घ्यावं असं क्विरिनला झालं. शेवटी तो वळला, कालवडीला थांबवलं आणि तिच्या शिंगांतला मुकुट सोडवू लागला. पाहुण्यांना वाटलं, हाही कार्यक्रमच. कोणीतरी फोटो काढला.

काकू त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मग त्यांना समजलं. एप्रनचं टोक त्यांनी पावावर दुमडून घेतलं. त्या रागावल्या असत्या, चार लोकांत त्याच्या तोंडावर थुंकल्या असत्या, तरी क्विरिनने ते सोसलं असतं. त्यांनी आजूबाजूच्या परक्या, हसऱ्या तोंडांकडे पाहिलं आणि लाजेने त्यांचाच चेहरा लाल झाला.

"घाल परत," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "लोक बघताहेत."

आणि क्विरिनने तो परत घातला.