तिसाशेजारचा ठोकळा

अदिस अबाबातल्या त्या वर्गात तीस मुलींनी कायमच्या दिनदर्शिकेसाठी एकेक आकडा आपापल्या वळणात लाकडी ठोकळ्यावर कोरून रंगवला. इथल्या पंचांगात महिन्याला एकतीस तारीख नसतेच, म्हणून योर्दानोसने भांडून शेवटच्या तिसाचा मान मिळवला होता.

पण फळीवर तिच्या तिसाशेजारी एकतीस उभा होता! रंग अजून ओला.

"माहलेत, जळकुकडे! माझा मान पळवतेस?"

"मी? अगं, माझा सातच धड उभा राहीना!"

सगळ्या खिदळल्या. बाईही हसल्या. "कुणाचा गं हा? ओरडणार नाही, उलट पाव खाऊ घालीन."

योर्दानोस भिंतीला पाठ टेकवून सगळ्यांची तोंडं न्याहाळत होती.

"माझा, बाई!" तिच्या पाठीमागून आनंदाने उत्तर आलं.