सलोख्याची शाल

माइकवरून ‘श्रीमती बारकाबाई वाघमारे’ असं नाव आलं, तेव्हा बारकीनं मागं वळून पाहिलं. ही कोण बाई आली म्हणून. गावानं साठ वर्षं तिला ‘बारके’ अशीच हाक मारलेली.

मग उठली. काखेत भाताचं गाठोडं होतं, ते तसंच घेऊन.

मांडवात एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला कातकरीवाडी. मधल्या खुर्च्या रिकाम्याच. वर कापडावर ‘सलोखा मेळावा’. लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांचं बघून मेळावा भरवणाऱ्या महिपतीनं आपल्या रानाला काटेरी तार ओढली, त्यात वाडीची मसणवटही आत गेली. बारा दिवसांपूर्वी बारकीच्या नवऱ्याचं मढं गेटावरच अडवलं होतं. शेवटी वाडीनं त्याला मागच्या ओढ्यातून, कमरेएवढ्या पाण्यातून नेऊन तिथंच पुरलं, आणि पोलिसांत गेली.

महिपतीनं तिच्या खांद्यांवर शाल टाकली. हात लागणार नाही अशी.

“हास की जरा. फोटू काढत्यात.”

“भाऊ, आज म्हाताऱ्याचं बारावं. मातीवर भात ठिवायचा हाय. गेट उघडा.”

“ते बघू निवांत. आदी केस मागं घे.”

“आज भात ठिवतील, उद्या सातबारा मागतील,” मागून कुणीतरी म्हणालं. गावाची बाजू हसली.

बारकीनं शालीची जाडी बोटांनी चाचपली. “ही माजी झाली नव्हं?”

“व्हय, तुजीच.”

“मंग चालतंय.”

ती मांडवातून निघाली ती रस्ता ओलांडून थेट कुंपणाशी. गाठोडं तारेखालून आत सरकवलं. शालीची चौपदरी घडी करून वरच्या तारेवर टाकली. लुगडं आवरून पाय उचलला. पोचेना.

मागून काठीचा आवाज आला. महिपतीची आई, मुक्ताबाई.

“आई! तू कुटं?” महिपतीची हाक माइकमधून सगळ्या गावाला ऐकू गेली.

मुक्ताबाईनं काठीची मूठ शालीवरून तारेत अडकवली आणि सगळा भार टाकून खाली ओढली.

“टाक पाय,” ती बारकीकडं न बघता म्हणाली. “तुजा म्हातारा लय चोर. आमच्या ओढ्यातलं खेकडं न्यायचा.”

“न्यायचा की. आन तुमालाच इकायचा.”

मुक्ताबाईनं तार आणखी वीतभर खाली ओढली.