खांबाची उंची

हातात हात धरून होरो नाचणाऱ्यांची साखळी गोदामात शिरली, तेव्हा सगळ्यात पुढे नवरी रालित्सा होती. चार पावलांवर ती थबकली. मागचे एकमेकांवर आपटले.

ज्या वाटेने ती आत आली, तिथे परवापर्यंत भिंत होती. समोरच्या भिंतीतही तेवढंच भगदाड. दोन्हीकडचे, खांबांना फुलीसारखे जखडणारे तिरके बार कापून टाकलेले. बापाच्या ट्रॅक्टरांसाठी हे गोदाम तिनेच आखलं होतं, एकेका खांबाचा हिशोब करून. आणि आज छतावर आठवडाभराचं बर्फ साचलेलं.

बाप, स्तामेन, राकिया दारूचा पेला घेऊन पुढे आला. स्वारी भलतीच खुशीत होती. होरो एकीकडून आत यावा, दुसरीकडून बाहेर पडावा, लेकीच्या लग्नात कोणाचा नाच अडू नये, म्हणून ते बार आपणच कापले, हे तो छाती फुगवून सांगू लागला.

"वाजवणं थांबवा," ती म्हणाली.

ढोल थांबला. सगळ्यांना बाहेर काढा म्हणाली, तसे लोक हसले. नवरीला चढली, असं कोणीतरी म्हणालंही.

"बाबा, ते बार खांबांची वरची टोकं धरून होते, म्हणून मी खांब बारीक ठेवले. आता टोकं मोकळी झाली. सहा मीटरचा खांब हिशोबात बारा मीटरचा झाला, चौथाई भारातही वाकेल असा."

"अगं, खांब म्हणजे काय मका आहे, रात्रीत वाढायला?"

खांब दाखवायला त्याने हात वर केला. तो हात तसाच राहिला. खांबाखांबांना बांधलेली दिव्यांची माळ ताणली जात होती, सैल पडत होती, पुन्हा ताणली जात होती. नाचत तर कोणीच नव्हतं.

स्तामेनने पेला खाली ठेवला.

"बाहेर चला," तो हळूच म्हणाला. "आधी पोरं. पळू नका. पाय आपटू नका."

सगळे मुकाट निघाले. नाचत आलेली माणसं चवड्यांवर चालत बर्फात उतरली. नवऱ्यालाही रालित्साने पुढे ढकललं आणि मागे वळून पाहिलं. बाप जवळच्या खांबाला दोन्ही हातांनी कवटाळून उभा होता.

"तिथे धरून काही होत नाही, बाबा."

"कळतंय मला," तो म्हणाला. "तू आधी बाहेर हो."