हातांच्या खुणा

पौर्णिमा जन्मापासून बहिरी होती. बालाघाट जिल्ह्यातल्या बिरसा गावाजवळच्या शाळेत ती दुसरीत नुसती बसून असायची. एका रविवारी तिच्या वर्गशिक्षिका पुष्पलताबाई बालाघाटला गेल्या, सायबर कॅफेत चार तास शोधत बसल्या आणि हातांच्या खुणांची चित्रं छापून घेऊन आल्या. दोन महिन्यांत सगळा वर्ग पौर्णिमेशी हातांनी बोलू लागला.

धानकापणीच्या दिवसांत तिचे वडील महागू शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. बाईंना वाटलं, पोरीला कामाला न्यायला आले.

"महागूभाऊ, तिची शाळा नका बुडवू."

"नाही बाई. आठ वर्सांत पहिल्यांदा पोरगी मले काही सांगून राह्यली, अन् मले समजून नाही राह्यलं. मलेबी वर्गात बसू द्या."