कथा कुणाच्या घरातून सांगायची

“आता तुम्ही दोघं मागच्या ओसरीत जा,” अप्पासाहेब म्हणाले, “आणि काय विचारायचं ते साफ विचारून घ्या. बाद में किटकिट नको, काय भिया?”

रघुवीर उठला. शालिनीही उठली. बाहेरच्या खोलीत रघुवीरचे वडील दत्तोपंत चहाची बशी दोन्ही हातांनी धरून बसले होते. शालिनीची आई आनंदीबाई स्वयंपाकघराच्या दारात पदर सारखा करत उभ्या होत्या. नंदू, या घरातला कर्ता पुरुष, नको म्हणणाऱ्यालाही पोहे वाढत होता.

अप्पासाहेब शेजारचेच. सारी नोकरी होळकर दरबारात गेली. रियासत मध्य भारतात विलीन झाली आणि ते घरी बसले. तेव्हापासून जुनी इंदूर मोहल्ल्यातली लग्नं जमवणं हेच त्यांचं खातं. मात्र हे लग्न जमवायला त्यांनी बराच विचार केला होता.

ओसरीत ऊन आलं होतं. शालिनीनं सतरंजी सावलीत ओढली.

दोघांची ओळख वाचनालयातल्या कथावर्गात झाली. रघुवीर दर रविवारी हातोदहून मोटारीनं यायचा आणि गोष्ट कशी लिहावी ते शिकवायचा. शालिनी मागच्या रांगेत बसायची आणि सगळ्यांत जास्त प्रश्न विचारायची. एकदा वर्ग संपल्यावर त्यानं चाचरत हा विषय काढला. ती काही न बोलता निघून गेली. पुढच्या रविवारी आलीच नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आली आणि म्हणाली, “घरी बोलले. या एकदा.”

आता समोरासमोर बसल्यावर दोघांनाही सुरुवात सुचेना.

“तुमची ती कथा?” रघुवीरनं विचारलं.

“परत आली. संपादक म्हणतात, कथानक जुनं आहे.”

“कथानकं सगळी जुनीच असतात हो. वर्गात सांगितलं ना? कोणी घर सोडून जातो. कोणी बाहेरचा घरात येतो. कुणाला काही हवं असतं आणि वाटेत काही आडवं येतं. कोणी हरवतो, कोणी सापडतो. बस, इतकंच. बाकी सगळी सजावट.”

“मग आज इथे चाललंय ते कुठल्या प्रकारातलं?”

रघुवीर हसला. “सोपं आहे. बाहेरचं माणूस घरात येतं.”

“ते तुमच्या घरातून सांगितलं तर,” शालिनी म्हणाली. “या घरातून सांगा. इथून माणूस जातंय.”

वर्गात हे रघुवीरनं कधी सांगितलं नव्हतं. त्याला सुचलंच नव्हतं.

“बरोबर,” तो शेवटी म्हणाला. “गोष्ट तीच, प्रकार मात्र दोन.”

शालिनीनं डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि आवाज नीट केला. “आता साफ विचारते. शाळेतली नोकरी सोडावी लागेल का?”

“मुळीच नाही. हातोदच्या मुलींच्या शाळेत जागा आहे. मी बोलून ठेवलंय.”

“तुमच्या आत्या?”

“द्वारकाआत्यानं बोलणं टाकलंय. म्हणाली, असली बाई या घरात येणार असेल तर मी उंबरा चढणार नाही.”

“मग?”

“मग काय, बाबा तिच्यापुढे उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा. म्हणाले, अक्का, तुझी मर्जी. पण हे होणार.”

शालिनीला हे नवीन होतं. बाहेर बशी घसरून फुटल्याचा आवाज आला. पाठोपाठ अप्पासाहेबांचं हसणं. “अहो दत्तोपंत, इतकं काय घाबरायचं!”

“आमच्याकडेही लोक बोलतील,” ती म्हणाली. “विहिरीवर, देवळात. सुरुवात झालीच आहे. माझं काही नाही. पण तिकडे गेल्यावर घरातलंच कोणी टोचून बोललं तर?”

“घरात मी असतो. बोलू देणार नाही.”

“तिखट चालत नाही जास्त.”

“आमच्याकडे सगळं गुळचटच.”

“आणि संध्याकाळी पेटी वाजवायची सवय आहे. पूर्वी होती. मधली कितीतरी वर्षं पेटी उघडलीच नाही. कोणी हौसेनं ऐकणारं हवं.”

“ऐकणारं आहे,” रघुवीर म्हणाला. “त्याची काळजी नको.”

ओसरीच्या पलीकडे कुणाच्या तरी घरी शेव तळत होते, त्याचा खमंग वास येत होता. शालिनीला एकदम भूक लागल्यासारखं वाटलं. सकाळपासून तिनं काही खाल्लं नव्हतं.

“तुम्हाला काही विचारायचं नाही?” ती म्हणाली.

“एकच. मनापासून होकार आहे ना? कुणाच्या आग्रहाखातर नको.”

“काल रात्री मी अगदी हेच विचारलं. उत्तर आलं नाही. पण सकाळी उठून बघते तर पेटी पुसून ठेवलेली.”

रघुवीर उठला. चेहऱ्यावरचं हसू त्याला लपवता येईना. “चला मग. बाहेर बिचारे ताटकळलेत.”

दोघं आत आले तेव्हा बाहेरच्या खोलीतलं बोलणं थांबलं. अप्पासाहेबांनी भुवया उंचावल्या. “क्यों भिया, काय ठरलं?”

“मुहूर्त काढा,” रघुवीर म्हणाला.

“माझीही हीच विनंती,” शालिनी म्हणाली.

नंदूनं पोह्यांचं पातेलं खाली ठेवलं, भिंतीला टेकवलेले दोन पाट आणले आणि शेजारी शेजारी मांडले. अप्पासाहेबांनी दत्तोपंतांना दंडाला धरून उठवलं आणि एका पाटावर बसवलं. शालिनी कुंकवाचा करंडा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

“आई, अशी दारात काय उभी राहिलीस? तुझ्या जावयानं पाट मांडलाय. बस ना नवऱ्या मुलाशेजारी.”

दत्तोपंत लाजले आणि आपल्या पाटावर थोडे सरकून बसले.