पाहुणीचं ताट

घरातलं एकुलतं एक अंडं केशरच्या ताटात पडलं आणि रिबकाच्या पोटात आग पडली.

दुष्काळाचं साल. कोंबडीसुद्धा अंडं घालायचं विसरली होती. रिबका दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडून आली होती, तळहात फोडांनी भरले होते. आणि ही केशर, सासूच्या मावसबहिणीची लेक, संगमनेरहून एसटीने आली काय, बसायला घोंगडी काय, पायांवर तांब्याभर पाणी काय! ते पाणी रिबकाने विहिरीचा तळ खरवडून आणलेलं होतं.

"केशरबाई, प्रार्थना तुमीच करा," सासू झुंबरबाई म्हणाली. जेवणाआधी पाहुण्याने प्रार्थना करायची, ही त्या ख्रिस्ती घराची रीत. केशर डोळे मिटून गोड आवाजात देवाचे आभार मानू लागली. रिबकाने एक डोळा उघडा ठेवला होता. तो अंड्यावर होता.

चर्चचे पाळकसाहेब येवोत, नाहीतर घोडेगावच्या बाजारातून परतणारा कुणी अनोळखी बैलवाला, झुंबरबाई सगळ्यांचं सारखंच करायची. दारात आलेला पाहुणा म्हणजे प्रभूच. पोरसवदा असला तरी त्याला 'तुमी'. रिबकाला मात्र 'भवाने'. तिला कधी कुणी वाढलं नाही. "घरच्या मानसानं आपल्या हातानं घ्यावं," असं सासूचं म्हणणं. चेपलेल्या जर्मनच्या ताटलीत उरलंसुरलं घ्यायचं आणि चुलीपाशी बसून खायचं.

सकाळी केशर गेली आणि रिबका फुटली.

"या घरात सून हुन्यापरीस पाव्हनी झालेलं बरं!"

झुंबरबाई पाहुणीचं ताट घासत राहिली. रिबका गाठोडं उचलून माहेरी निघून गेली.

पुढच्या रविवारी नवरा रंगनाथ तिला घेऊन आला. दारात झुंबरबाई तांब्या घेऊन उभी.

"या. पाय धुवा."

पाणी गार होतं. आत घोंगडी अंथरलेली होती. समोर फुलाफुलांचं ताट आलं, फक्त पाहुण्यांसाठी काढायचं ते. त्यात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची मऊ भाकर आणि अख्खं अंडं. रिबकाला वाटलं, आता केशर इथं असायला हवी होती, मग कळलं असतं तिला! सासूच्या तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता. ती अगदी मनापासून वाढत होती.

"रिबकाबाई, प्रार्थना तुमीच करा."

रिबकाने हात जोडले, डोळे मिटले. शब्द काही येईनात. कानात ते 'तुमी'च घुमत होतं. तिने डोळे उघडले तर चुलीच्या कोपऱ्यात तिची जर्मनची ताटली पालथी पडलेली दिसली. तव्यावर भाकर होती. ती सवयीने उलटायला उठली, तशी झुंबरबाई आडवी आली.

"बसा, बसा. पाव्हन्यानं चुलीला हात लावू नये." मग प्रेमाने विचारलं, "किती दिस ऱ्हानार?"

हा प्रश्न केशरलाही विचारला होता. पाळकसाहेबांनाही. जाणाऱ्या माणसालाच तो विचारतात.

घोंगडीवरचं मानाचं बसणं तिला नकोसं झालं. ती ताट घेऊन उठली. अंडं सासूसाठी काढून ठेवलेल्या भाकरीवर ठेवलं, आपली ताटली सुलटी केली आणि चुलीपाशी जाऊन बसली. डोळ्यांना धार लागली होती.

"आत्याबाई, मी न्हाई पाव्हनी."

झुंबरबाईचेही डोळे भरले. पदराने तिने नाक पुसलं. तेवढ्यात तव्यावरून धूर निघाला.

"मग बघतीस काय, भवाने? भाकर करपतीया!"