मानेवरची कोरी जागा

"सर, यांना चेहरे का नाहीत?"

मुलीच्या हातात सरबताचा ग्लास होता. त्यातला एक थेंब वाशीच्या त्या कलादालनाच्या पांढऱ्या फरशीवर पडला. इसाकने थेंबाकडे पाहिले.

"चेहरा हवा असेल तर लिफ्टमध्ये आरसा आहे," तो म्हणाला.

मुलगी बाजूला सरकली. तिच्या जागी दुसरी पावले आली. प्रदर्शनाला येणारी माणसे इसाकला अशीच कळत: पावले, पिशव्या, उंच धरलेले फोन. कुणाला राखाडी सोफ्यामागे शोभेलसे चित्र हवे होते. कुणी बायकोला समजावत होता, "शहरात माणूस हरवतो ना, तेच दाखवलंय बघ." इसाकला क्षणभर त्याची कीव आली, पण तेवढीही त्याच्यावर वाया घालवावी असे त्याला वाटेना.

भिंतींवर उरणच्या जेट्टीवरची गर्दी होती, दिवाळे गावच्या खाडीकाठी मासळी वाळवणाऱ्या बाया होत्या, मशिदीच्या पायरीवर टेकलेले म्हातारे होते. साऱ्यांच्या मानेवर नितळ, कोरी जागा. त्या कोऱ्या जागेनेच त्याचे नाव झाले होते. तिचे कारण ऐकण्याची या गर्दीची लायकी नव्हती.

ते कारण एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस आज प्रथमच येणार होते. इसाकला मत हवे होते ते फक्त अम्मीचे.

खदीजा आली ती चपला दाराशी काढूनच. उंबऱ्यात तांदूळ पाखडणाऱ्या बाईच्या चित्रापुढे ती थांबली. हिरवी ओढणी तिने ओळखली.

"ही मी ना रे?"

"हो, अम्मी."

"मग माझं तोंड कुठं हाय?"

इसाक हसला. आजूबाजूचे लोक कान देऊ लागले होते. ऐकू देत, त्याला वाटले, एकदाचे ऐकू देत. "तूच सांगितलं होतंस लहानपणी. माणसाचं तोंड काढलं तर कयामतच्या दिवशी त्यात जीव घालायला सांगतील. तुझा शब्द मी आजवर मोडला नाही."

खदीजा त्याच्याकडे पाहत राहिली. आठवायला तिला वेळ लागला.

"ते होय," ती म्हणाली. "अरे, तुला तोंड जमत नव्हतं. माझं काढलंस, तर तुझा भाऊ बकरी म्हनून हसला. मोहल्लाभर दाखवत फिरला. तू जेवेनास, पेन्सिल हातात धरेनास. मग मला सुचलं ते सांगितलं."

खदीजाने हात वर करून त्याची कॉलर नीट केली.

"आता काढ की, पोरा. आता कोन हसनार हाय तुला?"

इसाकने भीत भीत मान वर केली. दालनभर चेहरे होते.